नवगावचा किनारा आणि हरवलेले दहा वंश

अलिबागजवळच्या नवगावला, समुद्रापासून जवळच, बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचे एक स्मारक उभे आहे. समाजाची परंपरा अशी, की शेकडो वर्षांपूर्वी इथे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या बाकीच्यांना इथेच मूठमाती मिळाली. वाचलेल्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ही कथा जपणाऱ्या समाजाबद्दल मनात पूर्ण आदर ठेवूनच पुढचे सगळे लिहीत आहे.

वाद आहे तो या कथेला नंतर जोडलेल्या शेपटाशी. ‘हे लोक म्हणजे इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी एक’ हे वाक्य शंभरदीडशे वर्षे पुस्तकांतून, भाषणांतून आणि आता मोबाइलवरून फिरते आहे. तेच वाक्य पश्तूनांना लावले जाते, मणिपूर-मिझोरामच्या कुकी-मिझो लोकांना लावले जाते, काश्मिरींना, जपान्यांना, एके काळी तर खुद्द इंग्रजांनाही लावले गेले. इतक्या वेगवेगळ्या लोकांना एकच वाक्य चपखल बसत असेल, तर आधी ते वाक्यच तपासायला हवे.

सुरुवात ‘हरवले’ या शब्दापासून करू. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहांचे उत्तरेकडचे राज्य इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या, म्हणजे अ‍ॅसिरियाच्या, हाती पडले. राजधानी शोमरोन. तिथल्या लोकांना कुठे नेले हे बायबलच सांगते: दुसऱ्या राजे ग्रंथाच्या १७ व्या अध्यायात हलह, गोजान नदीवरील हाबोर आणि मेदी लोकांची नगरे असा पत्ता दिला आहे. हाबोर म्हणजे आजच्या ईशान्य सीरियातली खाबूर नदी, आणि गोजान म्हणजे तिथलेच तेल हलाफ. ही कुठली अज्ञात पर्वतापलीकडची भूमी नव्हे, तिथे उत्खनने झाली आहेत. सारगोन दुसरा आपल्या शिलालेखात शोमरोनमधून २७,२९० माणसे नेल्याचे सांगतो, दुसऱ्या एका लेखात हाच आकडा २७,२८० आहे. अख्खे राज्य रिकामे केले असे तो स्वतःही म्हणत नाही. शोमरोनचे रथ आपल्या सैन्यात घेतल्याचेही तो सांगतो, आणि निमरूदला सापडलेल्या घोडदळाच्या याद्यांमध्ये शोमरोनच्या अधिकाऱ्यांची नावे खरोखरच आहेत, त्यांतली काही इस्राएलच्या देवाच्या नावाने घडलेली. नेलेली माणसे अश्शूरच्या पगारावर होती, शेते कसत होती, लग्ने करत होती. दोन-चार पिढ्यांत आजूबाजूच्या अरामी भाषिकांत ती मिसळून गेली. सरसकट हलवलेल्या बहुतेक लोकांचे इतिहासात असेच होते.

सगळे गेलेही नव्हते. बायबलच्या दुसऱ्या इतिहास ग्रंथात दक्षिणेच्या यहूदा राज्याचा राजा हिज्कीया एफ्राइम आणि मनश्शेच्या लोकांना वल्हांडणासाठी, म्हणजे पासओव्हरच्या सणासाठी, यरुशलेमला बोलावतो, आणि आशेर, मनश्शे, जबुलून या वंशांतले काही जण येतातही. त्याच शतकाच्या अखेरीस यरुशलेम अचानक वाढले. तिथे उत्खननात सापडलेली सुमारे सात मीटर जाडीची तटबंदी त्याची साक्ष देते, आणि या वाढीत उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांचा मोठा वाटा होता असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. सातशे वर्षांनंतरच्या लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना आशेर वंशाची आहे, आणि ती हरवलेली नाही, यरुशलेमच्या मंदिरात बसली आहे. नाबलुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोनला मिळून आज जेमतेम आठशेच्या घरात शोमरोनी आहेत. ते स्वतःला एफ्राइम, मनश्शे आणि लेवी वंशांचे म्हणवतात. उत्तरेच्या राज्याशी सलग नाते सांगायचा हक्क कोणाचा असलाच, तर पहिला यांचा. पण त्यांच्या शोधात कोणी मोहिमा काढत नाही, कारण ते कधी गूढ झालेच नाहीत.

मग गूढ आले कुठून? इ. स. च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका ग्रंथात, एज्राच्या नावावरच्या प्रकटीकरणात, दहा वंश दीड वर्षाचा प्रवास करून ‘अर्जारेथ’ नावाच्या देशी गेल्याचे येते. पुढे सहा दिवस खळाळणाऱ्या आणि सातव्या दिवशी थांबणाऱ्या साम्बात्योन नदीची कथा जुळली. नवव्या शतकात एल्दाद नावाचा प्रवासी उत्तर आफ्रिकेत येऊन आपण दान वंशाचे असल्याचे सांगू लागला. एकदा ‘कुठेतरी पलीकडे’ असा देश ठरला, की नकाशावर सापडलेला प्रत्येक नवा देश तो असू शकतो. १६४४ मध्ये एका प्रवाशाने दक्षिण अमेरिकेत इस्राएली भेटल्याची साक्ष अ‍ॅमस्टरडॅमला दिली आणि १६५० मध्ये तिथल्या मनश्शे बेन इस्राएल या रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, त्यावर पुस्तकच लिहिले. एकोणिसाव्या शतकात तर इंग्रजच दहा वंशांचे वारस ठरले: ‘सॅक्सन’ म्हणजे ‘आयझॅक्स सन्स’, इसहाकाचे पुत्र! इब्री, म्हणजे हिब्रू, नाव यित्सहाक, त्याचा इंग्रजी उच्चार आयझॅक, आणि त्याला पुन्हा इंग्रजीच शब्द ‘सन्स’. दोन भाषांच्या अशा गाठीवर एका साम्राज्याची वंशावळ लटकली होती. या विचाराची एक शाखा पुढे अमेरिकेत गोऱ्या वंशवाद्यांच्या हाती गेली आणि तिने ज्यूंनाच खोटे इस्राएली ठरवले. वंशाचे दावे निरुपद्रवी असतात असे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता दावा तपासायचा कसा, हे नीट पाहू.

पहिला प्रश्न तारखेचा. दावा प्रथम कधी नोंदला गेला, आणि त्याआधी त्या लोकांपर्यंत बायबल किंवा कुराण पोहोचले होते का? मिझोराममध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी १८९४ मध्ये आयझॉलला आले. मिझो भाषेला लिपी त्यांनी दिली. त्याआधीची मिझोंची उत्पत्तिकथा छिनलुंग नावाच्या दगडाखालून, गुहेतून, माणसे बाहेर आल्याची आहे. कुकींकडेही ‘खुल’ म्हणजे गुहाच आहे. आपण इस्राएलचे आहोत आणि परत गेले पाहिजे, हा विचार मूळ धरतो तो १९५१ नंतर, एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाला झालेल्या दृष्टान्तापासून, म्हणजे बायबल घरोघर वाचायला लागून अर्धे शतक उलटल्यावर. पूर्वज मनमासी म्हणजे मनश्शे, हे समीकरणही याच काळातले. याच कुकी-मिझो गटातल्या हमार लोकांच्या सिकपुई सणाच्या गाण्यात तांबडा समुद्र दुभंगल्याचा उल्लेख आहे, तो मोठा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण लिपीच नव्हती, तेव्हा गाणे कागदावर उतरले ते मिशनऱ्यांनंतर. त्यातली कोणती ओळ १८९४ च्या आधीची हे दाखवायचे साधन कोणाकडे नाही. गाणे खोटे आहे असा याचा अर्थ नाही. ते या दाव्याचे ओझे पेलू शकत नाही, इतकेच.

पश्तूनांचा दावा जुना आहे, म्हणून जास्त आदराने तपासावा लागतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, जहांगीराच्या काळात, खान जहान लोदीच्या आश्रयाने नियामतुल्लाने ‘मखजन-ए-अफगाणी’ लिहिला. त्यात पश्तूनांचा मूळपुरुष कैस हा तालूतचा, म्हणजे शौल राजाचा वंशज आहे. अंगावर पैगंबरपूर्व कुळाची थोरवी असणे मोगल दरबारातल्या अफगाण सरदारांना का हवेसे वाटले असेल, हे उघड आहे. पण खरी गोची वेगळीच. शौल बन्यामीन वंशाचा. बन्यामीन दक्षिणेच्या यहूदा राज्यात राहिला, तो हरवलेल्या दहांत मोजलाच जात नाही. म्हणजे ज्या वंशावळीच्या जोरावर पश्तून ‘हरवलेला वंश’ ठरतात, तीच वंशावळ खरी मानली तर ते त्यात बसत नाहीत. दावा करणाऱ्यांनी हे क्वचितच वाचलेले असते.

दुसरा प्रश्न नावांच्या साम्याचा. युसुफझई म्हणजे योसेफाचे, आफ्रिदी म्हणजे एफ्राइमचे, अशा जोड्या लावतात. युसुफ हे नाव मुस्लिम जगात गल्लोगल्ली आहे, त्यासाठी शोमरोनहून यावे लागत नाही. नावांचा पुरावा मानायचा असेल तर नियमित ध्वनिबदल दाखवावा लागतो: या भाषेतला अमुक ध्वनी त्या भाषेत प्रत्येक वेळी तमुक होतो, असा. दोन-तीन अक्षरांची नावे जगातल्या कोणत्याही दोन भाषांत योगायोगाने जुळतात. आणि भाषा काय सांगते? पश्तो पूर्व-इराणी गटातली, मिझो-कुकी तिबेटी-ब्रह्मी गटातल्या. दोन्हींच्या मूळ शब्दसंपत्तीत इब्रीचा जुना थर सापडत नाही.

चालीरीतींचा पुरावा याहून कच्चा. धाकट्या दिराने विधवा भावजयीशी लग्न करणे बायबलमध्ये आहे, आणि पंजाब-हरियाणातल्या करेवा या प्रथेतही आहे. बळी देणे, बाळंतिणीचा विटाळ, नव्या पिकाचा सण ही शेतकरी आणि पशुपालक समाजांची सार्वत्रिक लक्षणे आहेत. शंभर चालींतून जुळणाऱ्या सात उचलायच्या आणि न जुळणाऱ्या त्र्याण्णव गाळायच्या, ही या पद्धतीतली मुख्य चूक.

डीएनएवर थोडे थांबायला हवे, कारण आज वाद मिटवायला लोक लाळेची नळी पाठवतात आणि अहवालाची टक्केवारी निकालपत्रासारखी नाचवतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जाते, मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून. दोन्ही मिळून फक्त दोन रेषा दाखवतात: बापाचा बाप, त्याचा बाप, आणि आईची आई, तिची आई. वीस पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या जागा होतात १०,४८,५७६. तीस पिढ्या मागे, १०७ कोटींच्या वर. इ. स. पूर्व ७२२ पासून आजवर शंभरेक पिढ्या झाल्या. म्हणजे त्या दोन रेषा सोडून बाकी सगळे अंधारात. उरलेल्या गुणसूत्रांचे तुकडे दर पिढीला वाटले जातात आणि दहा-पंधरा पिढ्यांपलीकडच्या बहुतेक पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरत नाही. याची दुसरी बाजूही आहे. जागा इतक्या आणि त्या काळी जगात माणसे थोडी, त्यामुळे तेच पूर्वज असंख्य वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. शोमरोनहून नेलेल्यांपैकी कोणाचा तरी वंश आज इराक, सीरिया, इराण आणि त्यापलीकडे कोट्यवधी लोकांच्या वंशवृक्षात कुठेतरी असणार. तसे असेल, तर ‘आम्ही त्यांचे वंशज’ हे वाक्य एखाद्या समाजाला वेगळे काढायला निरुपयोगी ठरते.

आणि सर्वांत मोठी अडचण: तुलना कशाशी करायची? प्रयोगशाळेत ‘ज्यू’ नमुना म्हणून जो ठेवला जातो तो इराकी, येमेनी, युरोपी ज्यूंचा, म्हणजे परंपरेनेच यहूदा राज्याकडे जाणाऱ्या लोकांचा. दहा वंशांचा ओळखलेला नमुना जगात नाही. कोणाचा डीएनए इराकी ज्यूंशी जुळला, तर त्याचे पूर्वज ज्यूंमधले होते इतके कळेल. नफ्ताली की जबुलून, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. १९९० च्या दशकात कोहेन, म्हणजे ज्यू पुरोहित, घराण्यांतल्या पुरुषांत आढळलेली सहा खुणांची वाय-मालिका गाजली. २००० मध्ये ती दक्षिण आफ्रिकेतल्या लेम्बांच्या बुबा कुळात मोठ्या प्रमाणात सापडली. पुढे कळले की सहाच खुणा फार थोड्या आहेत, ती मालिका पश्चिम आशियातल्या इतरांतही दिसते. २०१३ मध्ये जास्त खुणा घेऊन पुन्हा पाहिले तेव्हा लेम्बांच्या पितृरेषेत पश्चिम आशियाचा अंश टिकला, पण खास ज्यू म्हणावी अशी खूण उरली नाही. पहिल्या बातमीचे मथळे मात्र अजून फिरतात.

आता पुन्हा कोकणात. बेने इस्राएलांबद्दल २०१६ मध्ये जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्यांच्यात पश्चिम आशियाई ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे ठळक निघाले, ज्यू वारसा प्रामुख्याने पुरुषांकडून आलेला. मिश्रणाचा काळ आला १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, साधारण साडेसहाशे ते एक हजार पन्नास वर्षे. हा आकडा वाचताना दोन्ही बाजू घसरतात. एक बाजू म्हणते, म्हणजे ते हजारेक वर्षांपूर्वीच आले. तसे नाही, ही तारीख मिसळण्याची आहे, उतरण्याची नव्हे. दुसरी म्हणते, ज्यू अंश सिद्ध झाला म्हणजे दहा वंश सिद्ध झाले. तेही नाही. सिद्ध झाले ते इतके, की त्यांची ज्यू म्हणून ओळख कोणी बाहेरून चिकटवलेली नाही. मला हेच फार मोलाचे वाटते, कारण इतर अनेक दाव्यांना एवढाही आधार मिळालेला नाही.

दाव्याच्या बाजूचा ठरलेला युक्तिवाद असा: या समाजाला हनुक्का हा ज्यूंचा दिव्यांचा सण ठाऊक नव्हता, म्हणजे हनुक्काच्या आधी, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापूर्वी, ते निघाले. समाजाचे इतिहासकार हईम सॅम्युएल केहीमकरांनी इ. स. पूर्व १७५ ची तारीख मांडली, ती याच वळणाची. पण विसरणे हेही कारण असू शकते. इब्री येणारे कोणी नाही, पंचांग नाही, पोथी नाही, अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांकडून काय काय गळून पडेल? त्यांच्याकडे उरले ते शनिवार, सुंता, आहाराचे नियम, काही सण आणि ‘शमा इस्राएल’ या प्रार्थनेचे वाक्य. नसलेल्या गोष्टीवरून तारीख काढणे धोक्याचे, ती गोष्ट कधीच नव्हती की हरवली हे नुसत्या अभावावरून कळत नाही.

‘यहूदी’ न म्हणवता ‘बेने इस्राएल’ म्हणवतात, म्हणून ते उत्तर राज्याचे, हा दुसरा युक्तिवाद. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीवर आहे, यांच्यासारख्या अभ्यासूंनीही तो मानला. पण बायबलमध्ये ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलची मुले, बाराही वंश. कुराणातही ‘बनी इस्राईल’ हा शब्द आहे, आणि ‘यहूद’पेक्षा पुष्कळदा मवाळ सुरात येतो. मुस्लिम सत्तांखाली, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात राहणाऱ्यांना तो सोयीचा वाटला असेल, तर नवल नाही.

बाहेरून आलेल्या डेव्हिड राहाबी या ज्यू शिक्षकाची माशांची गोष्ट मला या साऱ्यात सर्वांत बोलकी वाटते. कोणत्या शतकातला हा राहाबी, यावर एकमत नाही, पण समाज सांगतो ते असे: हे लोक ज्यू आहेत का हे पारखायला त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे घेतले, बाकीचे बाजूला सारले. कोकणातल्या टोपलीत याचा अर्थ असा, की सुरमई, बांगडा, रावस ठेवायचे आणि कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, मुशी काढायची. खाडीकाठच्या गावात कोळंबी आणि तिसऱ्या सोडणे काय असते, हे ज्याने तिथले जेवण जेवले आहे त्याला सांगावे लागत नाही. ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी टिकली. ती धर्म सांगते. वंश किंवा सन तिच्यात लिहिलेला नाही. कोचीनच्या यहेज्केल राहाबीच्या १७६८ च्या पत्रात या लोकांचा उल्लेख आहे, आणि १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान, म्हणजे सिनेगॉग, उभे राहिले. इथपासून जमीन पक्की आहे.

चित्पावनही ज्यूच, ही आपल्याकडची आवडती जोड याच जागी घसरते. परशुरामाने किनाऱ्यावरची चौदा प्रेते जिवंत केली, इकडे सात अधिक सात वाचले, शिवाय घारे डोळे. बोट आणि किनारा तर पारशांच्या संजाणच्या कथेतही आहे. समुद्रकाठच्या समाजांना समुद्रातूनच यावे लागते, कथांची ठेवण सारखी होणारच. चित्पावनी बोली कोकणी-मराठीच्या कुळातली आहे, आणि त्या समाजाकडे शनिवारचा किंवा खवल्यांचा एकही नियम नाही.

हे सगळे इतक्या कसून का तपासायचे? वंशाच्या दाखल्याची किंमत खऱ्या माणसांनी मोजली आहे म्हणून. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांवर १९६२ मध्ये तिथल्या रब्बींच्या धर्मपीठाच्या निर्देशांनी प्रश्नचिन्ह लागले: आजी-पणजीपर्यंत मागे जाऊन चौकशी करा, घटस्फोट आणि विधवांची लग्ने शास्त्राप्रमाणे झाली होती का पाहा. मराठी बोलणारी कुटुंबे मुलाबाळांसह धरण्याला बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला, की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. तो ठराव दहा वंशांच्या सिद्धान्तावर उभा नव्हता. उलट मणिपूर-मिझोरामच्या बेने मनश्शेंना २००५ मध्ये इस्राएलच्या सेफार्दी (स्पेनी-पौर्वात्य परंपरेच्या) मुख्य रब्बींनी हरवलेल्या वंशाचे म्हणून मान्य केले, तरी विधिवत धर्मांतर करावेच लागते. मग मान्यतेने त्यांना नेमके दिले काय? त्यांची श्रद्धा खरी आहे, ती श्रद्धा म्हणूनच स्वीकारली गेली असती तर त्यांना पणजोबांच्या नावाचा हिशोब द्यावा लागला नसता.

बेने इस्राएलांच्या बाबतीत जे खरे काम राहिले आहे ते किहीम, झिराड, पेण, वाकरूळ, रोहा या गावांत आहे. आडनावांतले ‘कर’ गावांवरून आले. दफनभूमींतल्या मराठी-इब्री दगडांची छायाचित्रे आणि तारखा एकत्र करता येतील. सणांची जुनी नावे म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घेता येतील: नव्याचा सण, खिरीचा सण, दार बंद करून पाळायचा दारफळणीचा, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, आंबट रसाचे भांडे झाकून ठेवायचा अनाशी ढाकायचा. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिवसाला त्यांनी नाव दिले बिरड्याचा सण. त्या दिवशीचे वालाचे बिरडे कोणत्या घरात कसे करत, वाल किती दिवस भिजवून मोड आणत, त्यात नारळ पडे की नाही, आणि हे कोणी कोणाकडून शिकले, हे सांगणारे आज अश्दोदला, दिमोनाला, ठाण्याला नव्वदीत आहेत.